माऊसवर हात बसेपर्यंत

मागच्या अंकात मी विचारलं होतं की कॉम्प्युटर शिकताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं ते कळवा. मला वाटलं पासवर्ड, ओटीपी, मराठी टायपिंग असले प्रश्न येतील, तेही आले, पण त्याहून जास्त पत्रं आली ती माऊसबद्दल. आणि बऱ्याच जणांनी सुरुवातीलाच माफी मागितलीय, प्रश्न फार किरकोळ आहे, हसू नका वगैरे. मी कितीतरी वर्षं कॉम्प्युटर क्लास घेतलेत, एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेतल्यात, माऊस धरताना घामाने ओले झालेले हात बघितलेत, त्यामुळे हसायचा प्रश्नच नाही. हा अख्खा भाग माऊसलाच देतेय.

प्रश्न : मी ६८ वर्षांची. कॉम्प्युटरवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो बघते, पेपर वाचते, पण डबल क्लिक काही केल्या जमत नाही. कधी फाईलचं नाव निळं होऊन बसतं, कधी फाईल सरकून दुसरीकडेच जाते, परवा तर एक फोल्डर गायबच झालं. नातू म्हणतो आजी पटकन कर ना. पटकन म्हणजे किती पटकन? (निवृत्त शिक्षिका, वाई)

उत्तर : बाई, नातवाला सांगा की या पटकनला चक्क आकडा आहे. विंडोजमध्ये मुळात जे सेटिंग असतं त्यात दोन क्लिकच्या मधे जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंद चालतात, म्हणजे अर्धा सेकंद. त्याच्या वर गेलं की कॉम्प्युटर त्याला डबल क्लिक न मानता दोन सुटे क्लिक मानतो, आणि आधीच निवडलेल्या फाईलच्या नावावर परत एक सुटा क्लिक पडला की त्याला वाटतं तुम्हाला नाव बदलायचंय. म्हणून ते निळं होतं. तेव्हा घाबरून काही टाईप करू नका, फक्त एस्केप दाबा, नाव होतं तसंच राहतं.

आणि फोल्डर गायब झालेलं नाही. बटण दाबलेलं असताना हात थोडा जरी सरकला तरी ती वस्तू ओढली जाते आणि शेजारच्या फोल्डरवर सुटली की त्याच्या पोटात जाते. तिथे शेजारी-पाजारी दोन-तीन फोल्डर्स उघडून बघा, बहुतेक सापडेल. पुढच्या वेळी असं झालं की लगेच कंट्रोल दाबून धरायचं आणि झेड दाबायचं, केलेलं उलटतं.

आता मुख्य गोष्ट. तो अर्धा सेकंद वाढवता येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस नावाचं पान आहे, त्यात डबल क्लिक स्पीडची एक पट्टी आहे, ती स्लोकडे सरकवायची. शेजारी एक फोल्डरचं चित्र असतं, त्यावर डबल क्लिक करून बघायचं, उघडलं म्हणजे जमलं. हे मी क्लासमध्ये वयस्कर माणसं आली की पहिल्या दिवशी करून द्यायचे, आणि आदल्या दिवशी दुसरीकडे रडकुंडीला आलेला माणूस पाच मिनिटात फाईल उघडायचा. तरीही जमत नसेल तर डबल क्लिक सोडूनच द्या. एकदा क्लिक करा, फाईल निवडली गेली की कीबोर्डवरचं एंटर दाबा, काम तेच होतं. किंवा फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकमध्ये उघडायचा पर्याय असतो तो निवडा. वेबसाईटवर तर तसाही एकच क्लिक लागतो, तिथे डबल क्लिकची सवय उलट नडते, पण ते पुढच्या एका पत्रात येतंय.

धरायचं कसं तेही सांगते, कारण हे कुणी सांगतच नाही. बहुतेक जण माऊस नुसत्या बोटांनी उचलल्यासारखा धरतात, तळवा हवेत, आणि क्लिक करताना अख्खा हात दाबतात, मग माऊस सरकणारच. तळव्याचा मागचा भाग टेबलावर टेकू द्या, अंगठा आणि करंगळीने दोन्ही बाजूंनी हलकंच धरा, आणि तर्जनी बटणावर पडलेलीच राहू द्या, उचलून आपटायची गरज नाही. सरावाला पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो खेळ आला आणि ओढून नेऊन सोडणं कितीतरी लोकांच्या हाताला त्यानेच लावलं. आमच्याकडे मी पेंटमध्ये घर काढायला लावायचे, दार, खिडकी, मागे डोंगर, सूर्य, आणि सगळं रंगवायचं. आठवडाभर रोज वीस मिनिटं.

आणि एक खरी गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवा. माऊस ज्यांनी बनवला त्या अमेरिकेतल्या लोकांनीच त्याची बाकीच्या साधनांशी तुलना केली होती, लाईट पेन (पडद्यावर टेकवायचं पेन), जॉयस्टिक, आणि टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं एक यंत्र सुद्धा. १९६७ साली ते छापून आलं. त्यात ज्यांचा हात बसलेला होता त्यांना माऊस सगळ्यात चांगला ठरला, पण नवख्या लोकांचं काम माऊसपेक्षा लाईट पेनने आणि त्या गुडघ्याच्या यंत्राने जास्त चांगलं झालं. म्हणजे नवख्या माणसाला माऊस जड जातो हे पहिल्यापासून माहीत आहे, बाई. तुम्ही कितीतरी मुलांना बाराखडी गिरवायला लावली असेल, पहिल्या दिवशी कुणाचा अ सरळ आला होता का?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे, डावखुरी. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती माऊस डावीकडे घेते तर सर रागावतात, उजव्याच हाताने धर म्हणतात. घरी आमच्या सासूबाईही तेच म्हणतात. काय करावं? (आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, तिला रागवायचं काहीच कारण नाही, आणि हे मी अगदी ठामपणे लिहितेय. जेवताना, लिहिताना या मुलींना आधीच पुरेसं ऐकावं लागतं, त्यात अजून माऊसची भर नको.

तीन मार्ग आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिला, माऊस डावीकडे घ्यायचा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन मुख्य बटण उजवं करायचं, म्हणजे तिची तर्जनी जिथे पडते तिथेच क्लिक होतं. घरच्या कॉम्प्युटरवर हे करा. शाळेत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर वेगवेगळी मुलं बसतात, तिथे बटणं बदलली की पुढच्या मुलाचा गोंधळ होतो, सरांची अडचण कदाचित तीच असेल. म्हणून तिथे दुसरा मार्ग, माऊस नुसता डावीकडे घ्यायचा, बटणं आहेत तशीच ठेवायची आणि मधल्या बोटाने क्लिक करायचं, कितीतरी डावखुरी माणसं हेच करतात. तिसरा मार्ग म्हणजे तिने स्वतःहून उजव्या हाताने शिकायचं, आणि यातही फायदा आहे, माऊस उजवीकडे असताना लिहायचा हात मोकळा राहतो, वहीत टिपणं काढता येतात. पण यातलं कुठलं ते तिने ठरवायचं, दोन-तीन आठवडे सगळं करून बघून.

माऊस विकत घेताना एवढंच बघा की तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे. काही माऊस उजव्या तळव्याच्या आकाराचेच बनवलेले असतात, अंगठ्याला एका बाजूला खोबण असते, तो तिच्या हातात कधीच बसणार नाही. आणि अजून एक. कॉपी पेस्टसाठी सगळे जण डाव्या हाताने कंट्रोल सी, कंट्रोल व्ही करतात, तिचा डावा हात माऊसवर असणार. तिला कंट्रोल इन्सर्ट म्हणजे कॉपी आणि शिफ्ट इन्सर्ट म्हणजे पेस्ट हे शिकवा, या कीज कीबोर्डच्या उजव्या बाजूला असतात. सरांना एकदा शांतपणे भेटा, ऐकतील.

प्रश्न : माऊसला माऊसच का म्हणतात? आणि मग आपण मराठीत उंदीर का नाही म्हणत? (इयत्ता सातवी, चिपळूण)

उत्तर : छान प्रश्न विचारलास. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मेन्लो पार्क नावाचं गाव आहे, तिथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट नावाचे इंजिनिअर होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात रडारवर काम करायचे, त्यामुळे पडद्यावर माहिती दिसते आणि माणूस ती बघून काही करतो हे त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. पडद्यावरच्या जागेवर बोट ठेवल्यासारखं काहीतरी हवं म्हणून त्यांनी कल्पना मांडली आणि त्यांच्या बरोबरच्या बिल इंग्लिश यांनी १९६४ साली ती बनवली. कशाची माहितीय? लाकडाची! हातात मावेल असा लाकडी ठोकळा, वर एक बटण, आणि खाली एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन धातूची चाकं, एक चाक आडवं किती सरकलं ते मोजायचं आणि दुसरं उभं किती सरकलं ते. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून माऊस. पहिल्यांदा कोण म्हणालं हे कुणाला आठवत नाही, असं एंगेलबार्ट स्वतःच सांगायचे. आणि पडद्यावर जो बाण फिरतो ना, त्याला ते लोक तेव्हा बग म्हणायचे, म्हणजे किडा.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी हे सगळं जवळजवळ हजार लोकांसमोर दीड तास करून दाखवलं. पेटंट १९७० मध्ये मिळालं, पण ते संस्थेच्या नावावर, आणि त्याची मुदत १९८७ मध्ये संपली, घराघरात माऊस पोचायच्या आधीच. त्यामुळे जगभर एवढे माऊस विकले गेले पण एंगेलबार्ट यांना त्यातला एक रुपयाही रॉयल्टी म्हणून मिळाला नाही. मला याचं वाईट वाटतं. २०१३ मध्ये ते गेले.

चाकांच्या जागी गोळी आली ती नंतर. बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीत गेले आणि तिथे १९७२ मध्ये त्यांनी गोळीचा माऊस बनवला. तुझ्या आईबाबांना विचार, त्यांनी बघितलाय. खालचं गोल झाकण फिरवून काढायचं, जड रबरी गोळी तळहातावर घ्यायची, आणि आतल्या रोलर्सवर जमलेला काळा मळ नखाने खरवडायचा. आमच्या क्लासमध्ये दर शनिवारी हे काम असायचं, आणि त्या गोळ्या पोरं खिशात घालून पळायची.

उंदीर म्हणायला काहीच हरकत नाही. फ्रेंच लोक त्याला सूरी म्हणतात, स्पॅनिश लोक रातोन म्हणतात, हे त्यांचे उंदरासाठीचेच शब्द आहेत. आपल्याकडे वस्तू आली तीच नाव घेऊन आली आणि माऊसच तोंडात बसलं.

प्रश्न : माझं डीटीपीचं काम, लग्नसराईत दिवसाला दहा-अकरा तास कोरल ड्रॉवर पत्रिका आणि बॅनर. दोन महिने झाले, उजवं मनगट दुखतं, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते मग हात झटकतो. मलम लावून बघितलं. माऊस बदलू का? (डीटीपी ऑपरेटर, इचलकरंजी)

उत्तर : दादा, माऊस नंतर बदला, आधी डॉक्टरकडे जा. हाडांच्या डॉक्टरकडे किंवा नसांच्या, पण या आठवड्यात जा. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून एक नस हातात येते आणि ती अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवते. तिच्यावर दाब आला की बरोबर याच बोटांना मुंग्या येतात, आणि रात्री वाढतात, हात झटकला की बरं वाटतं. तुम्ही लिहिलंय ते या वर्णनाशी जुळतं, तरी ते तपासून ठरवायचं काम डॉक्टरांचं. सुरुवातीला लक्ष दिलं तर बऱ्याचदा पट्टा आणि विश्रांतीवर भागतं, दुर्लक्ष केलं तर अंगठ्यातली ताकद कमी होते, आणि तुमचं पोट त्या हातावर आहे. सीझन संपल्यावर जाऊ असं करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता बसण्याचं. आपल्याकडच्या दुकानात काय असतं, टेबल उंच, खुर्ची प्लॅस्टिकची आणि बुटकी, मग मनगट टेबलाच्या कडेवर दाबून आणि वर वाकवून माऊस चालतो, दहा तास. खुर्चीवर काहीतरी टाकून उंची वाढवा, कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. माऊस कीबोर्डच्या अगदी शेजारी, त्याच पातळीत. उजवीकडे आकड्यांचा पॅड असलेला मोठा कीबोर्ड माऊसला लांब ढकलतो आणि खांदा बाहेर ओढला जातो, आकडे लागत नसतील तर लहान कीबोर्ड घ्या. माऊस मनगटातून फिरवू नका, कोपरापासून अख्खा हात हलवा. मनगटाखाली उशी ठेवून त्यावर भार टाकतात बरेच जण, तेही नको, दाब बरोबर त्या नसेवरच येतो.

मग माऊस कमी वापरा. हे तुम्हाला अशक्य वाटेल पण कोरलमध्ये शक्य आहे. स्पेसबारने पिक टूल (वस्तू निवडायचा बाण) येतं, एफ ४ ने सगळं चित्र पडद्यावर मावतं, कंट्रोल जी ने ग्रुप, कंट्रोल डी ने डुप्लिकेट, नुसतं पी दाबलं की वस्तू पानाच्या मधोमध. थोडंसं सरकवायला ओढू नका, बाणाच्या कीज वापरा, कारण ओढताना बटण दाबून धरावं लागतं आणि नुसत्या क्लिकपेक्षा त्यानेच बोट जास्त थकतं. ओढावंच लागलं तर माऊसच्या सेटिंगमध्ये क्लिकलॉक म्हणून आहे ते चालू करा, बटण क्षणभर दाबून सोडलं की दाबलेलंच राहतं, परत क्लिक केलं की सुटतं.

उभा धरायचा माऊस मिळतो, हस्तांदोलन करताना हात असतो तसा, काहींना त्याने आराम पडतो. काही जण माऊस आलटून पालटून डाव्या हाताने वापरायला शिकतात, पहिले पंधरा दिवस काम हळू होतं आणि मग जमतं. पण हे सगळं डॉक्टरांना हात दाखवल्यावर.

प्रश्न : नवीन काचेचं टेबल घेतलं आणि माऊसचा बाण उड्याच मारतोय. माऊस बिघडला का? (सोलापूर)

उत्तर : नाही. तुमच्या माऊसच्या पोटात लाल दिवा आणि एक बारीकसा कॅमेरा आहे, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारांनी फोटो काढतो (१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने असा पहिला माऊस बाजारात आणला त्यात सेकंदाला १५०० होते) आणि आधीच्या फोटोशी ताडून हात किती आणि कुठे सरकला ते ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला खुणाच सापडत नाहीत. खाली एक साधा कागद किंवा वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर ठेवा. आणि कागदावरही उड्या मारायला लागला तर उलटा करून भोकात बघा, तिथे एखादा केस अडकलेला असतो.

प्रश्न : मी गावात ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतो. हल्ली एकदा क्लिक केलं तरी दोनदा होतं, परवा एका मावशींची फी दोनदा कापली गेली, त्या माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. (केंद्र चालक, परभणी जिल्हा)

उत्तर : दादा, आधी हे तपासा की बोटाला डबल क्लिकची सवय तर नाही ना. वेबसाईटवरची बटणं आणि लिंक एकाच क्लिकला चालतात, दिवसभर फोल्डर्स उघडणाऱ्या माणसाचं बोट तिथेही आपोआप दोनदा जातं. तसं नसेल, म्हणजे जपून एकदाच क्लिक करूनही फोल्डर उघडत असेल, तर बटणाखालचा स्विच झिजलाय. त्यात धातूची एक पातळ पट्टी असते, ती दाबली की थरथरते, नव्या माऊसमध्ये ती थरथर इतका थोडा वेळ असते की माऊस ती धरत नाही, जुन्यात ती लांबते आणि त्याला दुसरा क्लिक समजलं जातं. सेटिंगने हे बरं होत नाही. आजच नवा माऊस घ्या, लोकांचे पैसे ज्या क्लिकवर जातात तिथे झिजलेलं बटण एक दिवससुद्धा ठेवू नका. आणि मावशींच्या दोन्ही पेमेंटच्या पावत्या काढून त्यांच्यासमोरच तक्रार नोंदवा, पैसे परत येईपर्यंत त्यांना तक्रारीचा नंबर कागदावर लिहून द्या.

प्रश्न : मी शारजाला असतो, बाबा सांगलीत एकटे. त्यांचा हात कापतो, त्यामुळे माऊस स्थिर राहत नाही, बाण दिसेनासा होतो, चिडून कॉम्प्युटर बंद करतात. रोज आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो ते लॅपटॉपवरूनच. काही करता येईल का? (वाचक, शारजा)

उत्तर : करता येईल, आणि तुम्ही सुट्टीला याल तेव्हा शेजारी बसून अर्धा तास करा, फोनवरून सांगत बसू नका. आधी बाणाचा वेग कमी करा, म्हणजे हात जरासा हलला तरी बाण फार लांब जाणार नाही. मग सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी या भागात जाऊन बाण मोठा आणि गडद रंगाचा करा, काळा किंवा पिवळा, त्यांना जो दिसेल तो. आणि कंट्रोल की दाबली की बाणाभोवती गोल उमटतो असा एक पर्याय आहे, तो चालू ठेवा, बाण हरवला की शोधायला तेवढं पुरतं. माऊस थोडा मोठा आणि वायरचा घ्या, हलका माऊस कापणाऱ्या हातात जास्त फिरतो.

एवढ्याने नाही भागलं तर माऊस बाजूलाच ठेवा. लॅपटॉपला आकड्यांचा पॅड नसेल तर यूएसबीवाला जोडा. डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक तिन्ही एकदम दाबलं की माऊस कीज चालू करू का असं विचारतं, हो म्हणायचं. मग ४ ने बाण डावीकडे, ६ ने उजवीकडे, ८ ने वर, २ ने खाली, ५ म्हणजे क्लिक आणि अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. हात कापत असला तरी एक की दाबणं जमतं, कारण की जागची हलत नाही. या सहा कीजवर रंगीत टिकल्या चिकटवा, आणि तुमच्या नावाच्या चित्रावर ५ दाबून कॉल लावायचा सराव बाबांकडून तुम्ही घरात असतानाच करून घ्या, तुम्ही आतल्या खोलीत बसा आणि त्यांना बाहेरून कॉल लावू दे, चार-पाच वेळा.